वाडीच्या नावाची चिठ्ठी

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्यामागच्या टेबलावर बारा कापडी पिशव्या ओळीने मांडलेल्या तुम्ही पाहिल्यात आणि आजीने दुकान काढलं का, असं विचारलंत. मी "नंतर सांगते" म्हणाले. ही गोष्ट फोनवर सांगता येत नाही, कारण आजोबा मधेच येऊन शेवट सांगून टाकतात. म्हणून लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा.

आधी भिशी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमधल्या आम्ही बारा जणी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता कुणा एकीच्या घरी जमतो. प्रत्येकी तीन हजार रुपये टेबलावर ठेवायचे. डब्यातून एक चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिने ते सगळे पैसे घरी न्यायचे. पुढच्या महिन्यात तिच्या नावाची चिठ्ठी डब्यात नसते. बारा महिन्यांत बारा जणींचा नंबर लागतो, की डबा पुन्हा भरायचा. कुणाच्या घरी फ्रिज आला, कुणाच्या मुलीची फी भरली गेली, सगळं याच डब्यातून. आणि आमच्यात पहिल्यापासून एक रीत आहे: कुणाला खरीच नड असेल तर तिने तोंडाने सांगायचं, मग त्या महिन्यात चिठ्ठी काढत नाहीत. नंबर तिला सोडतात. कारण विचारत नाहीत.

रजिस्टर माझ्याकडे असतं. मी चौतीस वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची बरीच कर्ज विभागात. त्यामुळे रजिस्टर माझ्याकडेच येणार हे ठरलेलं होतं.

आता वाडीवाली. गोराईला खाडीपलीकडे तिची वाडी आहे. मंगळवार आणि शनिवार ती सकाळच्या बोटीने अलीकडे यायची आणि आमच्या गेटपाशी पाटी उतरवायची. वांगी, मिरच्या, लाल माठ, वालाच्या शेंगा. पन्नाशीची, बारीक, कानांत सोन्याच्या गोल कुड्या, गळ्यात क्रॉस. बोलणं तुटक. भाव सांगायची आणि गप्प बसायची. घासाघीस करणाऱ्या बायकांचं तिच्यापुढे काही चालत नसे, कारण भांडायला समोरून शब्दच येत नसे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एका शनिवारी तिने पाटी उतरवली आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही बँकेतल्या ना? एक विचारायचं होतं."

मी तिला वर घेऊन आले. चहा दिला. तिने पदराच्या टोकातून एक ढेकूळ काढलं आणि माझ्या स्वच्छ टेबलावर ठेवलं.

"फोडून बघा," ती म्हणाली.

मी दाबलं. फुटेना. आजोबांनी दाबलं. मग त्यांनी खलबत्त्यातला बत्ता आणला, तो मी परत ठेवायला लावला.

"ही माझी माती," ती म्हणाली. "सासूच्या वेळेला हाताने वाफे काढायचो. आता कुदळ टणकन उडते. दर वर्षी खताची एक गोण जास्त घालायची, तेव्हा तेवढंच पीक येतं."

मग तिने सांगितलं ते असं. वसईला तिची मावसबहीण आहे. तिने तीन वर्षांपूर्वी पोत्यातलं खत आणि फवारणी बंद केली. जमीन उघडी ठेवायची नाही, पाचोळ्याने झाकायची. एका तुकड्यात ताग पेरायचा, फुलावर आला की कापून तिथेच आडवा करायचा, त्याचंच खत. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून मातीला द्यायचं. बहिणीच्या वाडीतली माती आता चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. वाडीवालीने ती मुठीत घेतली, तर त्यात दोन गांडुळं.

"मना तशी माती करायची हाय," ती म्हणाली.

"मग कर की," मी म्हणाले.

"पयली दोन वर्सं पीक कमी येतं. बहीण तिच्या नवऱ्याच्या पगारावर निघाली. आमच्याकडे पगार नाय."

तिचा नवरा आधी बोटीवर कामाला होता. गुडघे गेल्यावर घरीच होता. वाडीवर एका मंडपवाल्याचा डोळा होता. तिथे हिरवळ घालून लग्नाचं लॉन करायचं, दरमहा भाडं द्यायचं, असं तो म्हणत होता. नवऱ्याला ते पटत होतं. त्याने बायकोला मुदत दिली होती: पुढच्या ईस्टरपर्यंत. तोवर तिची ही माती चालली तर ठीक, नाहीतर लॉन.

"यासाठी कर्ज मिळतं काय, मॅडम?"

मी तिला खरं ते सांगितलं. माझ्यासमोर आयुष्यभर जे फॉर्म आले, त्यांत पीक वाढणार कसं हे लिहायचा रकाना होता. पीक कमी येणार आहे, म्हणून पैसे हवेत, असं लिहायला जागा एकाही फॉर्मवर नव्हती. मी तसा अर्ज घेतला असता तर वरून तो माझ्याच टेबलावर परत आला असता, आणि सोबत मलाही बोलावणं आलं असतं.

ती "बरं" म्हणाली. ढेकूळ पदरात बांधलं आणि गेली. टेबलावर मातीचा एक कणही उरला नव्हता, इतकं ते घट्ट होतं.

तुमच्या शाळेत या शेतीला मोठा शब्द आहे, रीजनरेटिव्ह. त्याचे फायदे तुम्ही मला मागे फोनवर वाचून दाखवले होते. मधली दोन वर्षं घर कशावर चालवायचं, हे त्या पानावर होतं का, ते मला एकदा बघून सांगा.

पुढच्या शनिवारी भिशी होती, नवीन वर्षाचा पहिला नंबर. डबा भरलेला. मी चिठ्ठ्या हलवायच्या आधी म्हणाले, "हा नंबर सोडायचा का, ते विचारायचं आहे. पण आपल्यापैकी कुणाला नाही." आणि सगळं सांगितलं.

तिसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला सोलकढी पाजणारी, मोठ्या आवाजाची, मालवणची. तिने भजी तळायचं थांबवून दारातून विचारलं, "बेसन मातीक घालतत? माका भज्यांक पुरत नाय आणि ती मातीक घालता?"

"थोडंसंच लागतं," मी म्हणाले.

"आणि पैसे परत कसे देतली?"

ते मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं. पैसे परत करायचेच नाहीत. त्याऐवजी दर शनिवारी प्रत्येक घरी भाजीची एक पिशवी, पुढच्या दिवाळीपर्यंत. आपण नाहीतरी भाजी घेतोच. फक्त पैसे आज द्यायचे आणि भाजी वर्षभर खायची. तिच्या वाईट महिन्यांत तिच्या हातात आधीच रक्कम असेल.

दहा मिनिटं सगळ्या एकदम बोलल्या. मग मैत्रीण म्हणाली, "माझी आवस करायची तशी भाजी परत खावक मिळत असात तर माझे तीन हजार घे गो," आणि झालं. चिठ्ठी काढली नाही. मी रजिस्टरमध्ये पहिल्या नंबरपुढे लिहिलं: वाडी. आमचे बारा नंबर एकेक महिना पुढे सरकले.

इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं.

यानंतर मी जे केलं, ते माझ्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. मी घरी जाऊन एक तक्ता केला. डावीकडे शनिवार, वर भाज्या, चौकोनात वजन. वांगी अर्धा किलो, मिरची शंभर ग्रॅम, माठ एक जुडी. पालेभाजी, फळभाजी, शेंग, असा समतोल साधला. तिसऱ्या आठवड्याला एक चौकोन रिकामा दिसत होता, म्हणून तिथे फ्लॉवर लिहिला. आजोबांनी चष्मा वर करून तक्ता पाहिला.

"गोराईत फ्लॉवर लावतात?" ते म्हणाले.

"लावतील," मी म्हणाले.

दोन प्रती काढल्या. खाली तिची सही, माझी सही. ती तक्ता बराच वेळ वाचत होती. बोट एकेका चौकोनावरून नेत होती. फ्लॉवरवर बोट थांबलं, मग पुढे गेलं. तिने काही विचारलं नाही. बँकेतून आलेला कागद असा वाचायचा असतो, असंच तिला वाटलं असणार. पैसे दोनदा मोजून तिने ब्लाउजमध्ये ठेवले आणि नाव पूर्ण लिहून सही केली.

पिशव्या मी जुन्या साड्यांच्या शिवल्या. प्रत्येकीवर घराचा नंबर रंगीत दोऱ्याने. त्याच त्या तुम्ही पाहिल्यात.

शनिवारी सकाळी नऊला भरलेल्या पिशव्या यायला लागल्या. तक्त्याप्रमाणे, अगदी ग्रॅमप्रमाणे. मी एकेक चौकोनात बरोबरची खूण करत गेले. डिसेंबर झाला, जानेवारी झाला, एकही चौकोन चुकला नाही. वांगी अशी, की त्यांत तोंड दिसावं. फ्लॉवर आला, पांढराशुभ्र, कापडात गुंडाळलेला. मी आजोबांना तो दोन्ही बाजूंनी दाखवला. भिशीत मी म्हणायची, "बघा, शिस्त लावली की सगळं होतं." तुमच्या आईला मी हेच वाक्य लहानपणापासून ऐकवत आले आहे, त्यामुळे आता ती हसत असेल.

फक्त मैत्रीण एकदा म्हणाली, "वांग्यात एक कीड मिळाक नाय गो अजून. फवारणी नाय, तर कीड गेली खंय? गावाक?"

"शेणाने माती सुधारली की झाडं ताकदवान होतात," मी म्हणाले. हे मी कुठेतरी वाचलं होतं.

फेब्रुवारीत मीच कल्पना काढली, की आपण सगळ्यांनी वाडी बघायला जावं. वाडीवालीला आधी सांगायचं नाही, तिला आनंद होईल. आता विचार करते तर वाटतं, बारा बायका न सांगता दारात उभ्या राहिल्यावर कुणाला आनंद होतो? पण तेव्हा सुचलं नाही. पुऱ्या केल्या, सुकी बटाट्याची भाजी केली, टोप्या घातल्या आणि बोटीत बसलो. दोन्हीकडे तिवरांची गर्दी, पाणी शांत, पलीकडे उतरल्यावर सुकट वाळत घातलेली. मैत्रीण वाऱ्याकडे नाक करून म्हणाली, "हां, आता मी माणसात इलंय."

वाडीची चौकशी करत करत पोचलो. बांबूचं फाटक. आत शिरलो आणि सगळ्या जणी जागीच थांबल्या, कारण समोर सगळं पिवळं होतं. ताग फुलावर आला होता, डोक्याएवढा उंच, आणि त्यात मधमाश्या गुणगुणत होत्या. बाकीच्या वाफ्यांवर पाचोळा. मधूनमधून वालाचे वेल, कडेला शेवगा, केळी, भोपळ्याचा पसारा. फार सुंदर दिसत होतं. मी मोबाइल काढून फोटो घेतला, तो तुम्हाला पाठवला होता.

तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "वांगी खंय आसत गो?"

वांग्याची झाडं होती, एका ओळीत वीसेक. शेंडे पोखरलेले, फळं बोराएवढी, तीही मोजकी. फ्लॉवर तर कुठेच नव्हता. कोबी नव्हता, भेंडी नव्हती.

वाडीवाली विहिरीकडून आली. आम्हाला बघून तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि पदराला हात पुसत उभी राहिली. चेहरा असा, जणू पोलीस आले आहेत.

"बाय," मैत्रीण हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "आमच्याकडे येतत ती वांगी खयची?"

"बोरिवलीच्या मार्केटातली."

"तू विकत घेतेस?" मी विचारलं.

"पयल्या बोटीने जाते. सहा वाजता माल उतरतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कागदावर लिवलंय ना, मॅडम. मी सही केली. मंग द्यायला नको?"

 मी विहिरीच्या कठड्यावर बसले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या शनिवारी तिच्याकडे अर्धा किलोप्रमाणे बारा घरांची वांगी नव्हतीच. तिला वाटलं, एकदा विकत घेऊ, पुढच्या वेळी जमेल. पुढच्या वेळीही जमलं नाही, आणि तिसऱ्या वेळी फ्लॉवरची पाळी होती. कमी पिकाच्या दिवसांत घर चालावं म्हणून आम्ही दिलेले पैसे ती आठवड्यामागून आठवडा मार्केटात घालत होती, आम्हाला तीच भाजी खायला घालण्यासाठी जी आम्ही स्टेशनाजवळ स्वतः घेतो. आणि तिच्या वाडीत जे खरोखर उगवत होतं, ते तक्त्यात बसत नाही म्हणून गावातच मिळेल त्या भावाला देऊन टाकत होती. भिशीचे निम्मेही पैसे उरले नव्हते. नवऱ्याने ते पाहिलं होतं. ईस्टरनंतर लगेच या, असा निरोप त्याने मंडपवाल्याला धाडला होता.

"मला सांगायचंस तरी," मी म्हणाले.

"काय सांगणार? तुम्ही खूण करत होता बरोबरची. दर शनवारी बगत होते मी."

मैत्रीण माझ्याकडे वळली. "तुझ्या कागदान हिची वाट लावल्यान गो," ती म्हणाली. माझ्या वयाच्या बाईला असं तोंडावर सांगणारी एक मैत्रीण असावी लागते. "ही काय तुझी बँक आसा? वाडीक चौकोन माहीत नाय."

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती मात्र तिथेच थांबली नाही. कमरेला पदर खोचून वाडीत शिरली. शेवग्याची फांदी वाकवून फुलं हुंगली. भोपळ्याचा कोवळा शेंडा मोडला. केळीखाली उभी राहून वर पाहिलं आणि ओरडली, "ह्या केळफूल कोणाक देतस?"

"कोण घेतो? गुरांना," वाडीवाली म्हणाली.

"गुरांक?" मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "मी मुंबईत केळफुलासाठी अर्धा जन्म काढलंय आणि ही गुरांक घालता. ह्या शेवग्याचो पालो? ती फुलां? तो वाल?"

"वाल वाकडा हाय. डाग हायत."

"वाकडा तर वाकडा, मी काय त्याचं लगीन लावतंय?"

बाकीच्या हसल्या आणि मग सगळ्याच आत घुसल्या. सातव्या मजल्यावरच्या पंजाबी सुनेने मुळ्याचा पाला मागितला. गुजराती बेनला वालाची शेंग कोवळी हवी होती, उंधियूसाठी. तासाभरात प्रत्येकीच्या टोपीत, पदरात, पुऱ्यांच्या रिकाम्या डब्यात काहीतरी होतं. वाडीवाली मधे उभी राहून नुसती बघत होती. मग तीही कामाला लागली, कारण बायका चुकीच्या जागी तोडत होत्या.

मी पर्समधून तक्ता काढला. माझी प्रत माझ्याजवळ असतेच. फाडावा असं वाटलं, पण कागद फाडणं मला जमत नाही. मी सगळ्या चौकोनांवरून एक तिरकी रेघ ओढली, खाली लिहिलं, "दर शनिवारी वाडीत जे असेल ते," आणि सही करून तिच्या हातात दिला.

"आणि काही नसलं तर?" तिने विचारलं.

"तर रिकामी पिशवी पाठव."

परतीच्या बोटीत माझं मन काही शांत होईना. कागद सुधारला होता, पैसे गेले ते गेले होते. बाकीच्यांना पुन्हा मागणं बरोबर नव्हतं, चूक त्यांची नव्हती. माझ्या नावाची चिठ्ठी अजून डब्यात होती. माझा नंबर लागला की मी सोफा-कम-बेड घेणार होते, तुम्ही आलात की एकाला त्यावर झोपवायला. खाडी ओलांडेपर्यंत मी ठरवलं. मार्चच्या पहिल्या शनिवारी म्हणाले, "मला नड आहे. नंबर मला सोडा." रीतीप्रमाणे कुणी कारण विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. पैसे मी वाडीवालीला दिले. तिने सवयीने विचारलं, "सही कुठे करू?" मी म्हणाले, "कुठेच नको." हे वाक्य म्हणताना माझ्या अंगावर काटा आला, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या पिशव्या तुम्ही पाहायला हव्या होत्या. एका शनिवारी नुसती शेवग्याची फुलं. पुढच्या शनिवारी सहा वाकडे मुळे आणि ओंजळभर मिरच्या. एकदा कच्ची पपई, तिचं काय करायचं यावर जिन्यात सभा भरली. आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा भोपळ्याच्या वेलाची भाजी खाल्ली. पहिल्या घासाला ते म्हणाले, "हे आपण खातोय की बैल?" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. केळफूल कसं निवडायचं ते मैत्रिणीने भिशीत सगळ्यांना शिकवलं. हाताला तेल लावून, प्रत्येक फुलातला तो कडक दांडा काढून. बारा जणींचे हात काळे झाले.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी गेटपाशी वाडीवाली नव्हती. तिचा नवरा उभा होता, हातात काठी, खांद्यावर पिशव्या. ती चर्चच्या कामात होती म्हणून तो आला होता. मला वाटलं, सांगायला आला आहे, हे शेवटचं. मी त्याला आत बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्याने पिशव्या दोनदा मोजून बाकावर मांडल्या. नवराबायको दोघंही सारखीच.

त्या दिवशी केळफुलं होती, घराला एक. मैत्रीण खाली आली, तिने तिची पिशवी उघडली, मग पाचव्या मजल्याची उघडली.

"हिका मोठा आणि माका लहान? ह्या कसा काय?"

"चिठ्ठी टाकली नव्हती, जे हाताला आलं ते," पाचव्या मजल्यावरची म्हणाली.

"मागच्या वेळाक पण तुकाच मोठा होता."

"तू वजन करत बसतेस का गं?"

"मग? केळफूल आसा, फुकटचो प्रसाद नाय."

गेटपाशी आणखी चार-पाच जणी जमल्या. गुजराती बेन म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी वाल त्यांना हवा, दोन आठवडे कमी आलाय. बाजूच्या बिल्डिंगमधल्या दोघी थांबल्या आणि विचारू लागल्या, ही भाजी आम्हाला मिळेल का. मैत्रीण त्यांना म्हणाली, "रांगेत या. आमचा आमकाच पुरना नाय."

वाडीवालीचा नवरा काठीवर हनुवटी टेकवून हे सगळं बघत होता. मग मला म्हणाला, "मना वाटलं, तुम्ही धरम म्हणून घेता."

"यांच्याकडे बघून धर्म वाटतो का?" मी विचारलं.

तो हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले. "नाय," तो म्हणाला. "एका केळफुलावरून एवढं भांडतात, मंग हा धंदा हाय." रिकाम्या पिशव्या गोळा केल्या, माझ्या नंबरांप्रमाणे एकावर एक लावल्या आणि बोटीकडे गेला. त्याच संध्याकाळी वाडीवालीने फोन केला. तिचे फोन नेहमी अर्ध्या मिनिटाचे असतात. "मंडपवाल्याला नको सांगितलंय," ती म्हणाली. "ताग कापायला सोमवारी माणूस लावलाय. हॅपी ईस्टर, मावशी." मॅडमची मावशी मी त्या फोनवर झाले.

मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन हे सांगितलं. मैत्रिणीने दार उघडलं तेव्हा ती केळफूल सोलत होती, तेच लहान. "चांगला झाला," ती म्हणाली आणि मला बसवून निम्मं सोलायला दिलं.

ताग आडवा केला, पाऊस झाला, पुन्हा पेरणी झाली. दुसऱ्या वर्षी माती मऊ झाली, पण एकदम नाही. मधे दोन शनिवारी खरंच रिकाम्या पिशव्या आल्या, घडी करून. कुणी तक्रार केली नाही. बाजूच्या बिल्डिंगमधल्याही आता रांगेत आहेत. माझ्या नंबराचे पैसे तिने या दिवाळीला न मागता आणून दिले. सोफा-कम-बेड अजून घेतलेला नाही. दुकानात जातो आणि आजोबा प्रत्येकावर झोपून बघतात, त्यामुळे दुकानदार वैतागतो.

भाजीची जुनी बोली गेल्या वर्षीच्या दिवाळीला संपली, तेव्हापासून पिशवीचे पैसे आम्ही दर शनिवारी देतो. या दिवाळीनंतर नवीन डबा भरताना मैत्रीण म्हणाली, आता वाडीवालीलाच भिशीत घ्या. त्यामुळे आम्ही आता तेरा जणी आहोत. ती तिचे तीन हजार दर महिन्याला रुमालात बांधून आणते आणि टेबलावर ठेवताना दोनदा मोजते.

तुम्ही फोन केलात त्याच्या आदल्या दिवशी, पहिल्या शनिवारी, भिशी माझ्याकडे होती. पिशव्या टेबलावर होत्या, वांग्यांनी भरलेल्या. (रिकाम्या करून त्या माझ्याकडेच राहिल्या, म्हणून तुम्हाला दिसल्या.) दोन वर्षांनी तिची स्वतःची वांगी. लहानमोठी, कुणी वाकडं, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा. मी माझ्यातलं एक कापलं तर आत अळी निघाली. मी ताटली घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. आजोबा म्हणाले, फ्लॉवरसुद्धा तू एवढा मिरवला नव्हतास.

मग चिठ्ठी काढली. वाडीवालीच्या नावाची निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बसल्या जागी थोडी पुढे सरकली आणि म्हणाली, "मला नको. नंबर सोडायचा हाय."

"कुणाला?" मी विचारलं, आणि जीभ चावली, आमच्यात असं काही विचारायचं नसतं.

ती मात्र सांगायलाच आली होती. तिच्या बांधाला बांध लागून तिच्या जावेची वाडी आहे. जावेने दोन वर्षं कुंपणावरून सगळं पाहिलं. मागच्या आठवड्यात ती हिच्या वाफ्यात आली, मूठभर माती उचलली आणि बोटांनी चुरून पाहिली. मग विचारलं, मधली दोन वर्षं कशी काढलीस?

"तिला सांगितलं, शनिवारी विचारून येते," वाडीवाली म्हणाली.

मी उठून रजिस्टर आणायला गेले. पेन, पट्टी, कोरे कागद, सगळं त्याच कप्प्यात असतं. हात पट्टीकडे गेला तोच बाहेरून मैत्रिणीचा आवाज आला.

"गो, चौकोन आखू नको हां."

पट्टी मी कप्प्यातच ठेवली. नुसतं रजिस्टर घेऊन बाहेर आले आणि या महिन्याच्या नंबरापुढे दोन शब्द लिहिले: जावेची वाडी. वाडीवालीने वाकून वाचलं, मान हलवली आणि पिशवीतून वर्तमानपत्राची एक पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. जावेने पाठवलेलं ढेकूळ होतं.

"फोडून बघा, मावशी."

मी दाबलं. फुटलं नाही. आम्ही ते तेरा जणींत फिरवलं, कुणाकडूनच फुटलं नाही, आणि शेवटी मी त्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ते फ्रिजवर ठेवून दिलं. तुम्ही याल तेव्हा जावेच्या वाडीतून एक मूठ माती आणू आणि दोन्ही शेजारी ठेवून बघू.